खाटेवरचा काय म्हणाला

मुकादमाला चमत्काराबद्दल कधीच शंका नव्हती. त्याची शंका होती दोराबद्दल.

वर्षातून एकदा तरी पाळकसाहेब चर्चमध्ये ती गोष्ट सांगायचे. अंगावरून वारं गेलेला एक माणूस, त्याला खाटेसकट उचलून आणणारे चार जण, दारात मुंगीला शिरायला वाव नाही इतकी गर्दी. मग चौघं छपरावर चढतात, छप्पर उघडतात, खाट खाली सोडतात आणि प्रभू त्या माणसाला बरं करतो. सगळी मंडळी डोळे मिटून विश्वासाचा विचार करत बसायची. मुकादम मात्र मान वर करून चर्चच्या छताकडे बघत बसायचा. प्रार्थना संपली की तो पाळकसाहेबांना दारातच गाठायचा.

"साहेब, दोर कुणाचा होता?"

"कुठला दोर?"

"खाट सोडली ना खाली? मग दोर लागला असणार. घरून निघताना बरोबर घेतला होता का? म्हणजे गर्दी असणार हे आधीच माहीत होतं? आणि छपराची माती खाली कुणाच्या डोक्यावर पडली? दुसऱ्या दिवशी ते छप्पर शाकारलं कुणी?"

पाळकसाहेब सज्जन गृहस्थ. पहिली पाच वर्षं त्यांनी उत्तरं शोधली, पुढची पाच वर्षं नुसते हसले. एकदा मात्र वैतागून म्हणाले, "अहो, ही विश्वासाची गोष्ट आहे, हमालीची नाही."

"विश्वास त्या चौघांचाच होता ना, साहेब? आणि चौघं करत होते ती हमालीच होती."

आता मुकादमाचा धंदाच असा, त्याला दुसरं काय सुचणार. घरं बदलणाऱ्यांचं सामान हलवायचं, आणि जी कपाटं जिन्यातून वळत नाहीत ती गच्चीवरून दोरानं खाली सोडायची. तीस वर्षं त्यानं हेच केलं होतं. त्यामुळे त्याचा खरा प्रश्न वेगळाच होता, आणि तो त्याला रात्रीचं जेवण झाल्यावरही सोडत नसे. चार माणसं चार कोपऱ्यांवर बसतात. वाकून बघावं तर पाय सुटतो, पाय रोवावा तर खालचं दिसत नाही. मग कुणी किती ढील द्यायची, कधी थांबायचं, हे त्या चौघांना सांगत कोण होतं? शास्त्रात यावर एक अक्षर नाही.

जुन्या करारातली एक जागा मात्र त्याची फार लाडकी होती. एका संदेष्ट्याला चिखलाच्या विहिरीत टाकतात. राजवाड्यातला एक परका चाकर त्याला वर काढायला येतो, तेव्हा येताना जुन्या चिंध्या घेऊन येतो आणि सांगतो, या काखेत धर, वरून दोर घे. "ही चिंध्यांची गोष्ट ज्यानं लिहून ठेवली," मुकादम म्हणायचा, "त्यानं आयुष्यात एकदा तरी दोरावर माणूस ओढलेला असणार. बाकीचे नुसते लिहिणारे."

हे सगळं त्याला वाचून दाखवलं होतं ताईनं. ताई त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. त्यानं शाळा लवकर सोडली आणि ताई शाळेत मास्तरीण झाली. बत्तीस वर्षं तिनं पोरांना कवायत आणि व्याकरण शिकवलं. आवाज असा, की मैदानाच्या या टोकाला ती 'सावधान' म्हणाली की त्या टोकाचा पोस्टमनसुद्धा टाचा जुळवायचा. चार वर्षांपूर्वी शाळेच्याच पायरीवरून ती पडली, पाठीचा कणा दुखावला, आणि कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून ती तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या खोलीत पलंगावर होती.

मुकादमानं तिच्यासाठी काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. पलंग खिडकीशी हलवला तो त्यानं. सांभाळायला बाई ठेवली ती त्यानं. रेडिओ कुठल्या फळीवर असावा, पडदा कुठल्या रंगाचा असावा, हेही त्यानंच ठरवलं. तिला विचारायचं राहून जायचं, एवढंच; आणि भल्याचंच करत असताना विचारायचं तरी कशाला? एका रविवारी तो असाच दोराचं पुराण लावून बसला होता, तेव्हा ताई चष्मा पुसत म्हणाली होती, "तू दोर विचारतोस, छप्पर विचारतोस. त्या खाटेवरच्या माणसाला कुणी विचारलं होतं का, बाबा रे, तुला जायचंय का म्हणून? तो अख्ख्या गोष्टीत एक शब्द बोलत नाही."

"त्याला काय विचारायचं? बरं व्हायला कोण नाही म्हणेल?"

ताईनं पुसलेला चष्मा डोळ्यांवर चढवला होता. मुकादम हसला होता आणि चहा पिऊन घरी गेला होता.

त्या मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला एका शिंप्याचं टेबल टेम्पोत चढवत असताना त्याचा फोन वाजला. ताईचा होता.

"शेजारी पाया खणतायत ना, त्यानं आपल्या भिंतीला तडा गेलाय," ती म्हणाली. "सगळे उतरून गेले. जिनाही जाईल म्हणतात. मी काही जात नाही, मी इथेच आहे."

असल्या वेळी विनोद करायचं धाडस फक्त तिच्यातच होतं. मुकादमाच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. टेबल तिथेच फुटपाथवर टाकून तो माणसांसकट निघाला.

गल्लीच्या तोंडाशी अग्निशमन दलाची शिडीची गाडी अडकून उभी होती. गल्ली एवढी अरुंद, की गाडीचे आरसे दोन्ही भिंतींना घासत होते. दलाच्या लोकांनी हातशिडी लावून पाहिली होती. ती दुसऱ्या मजल्याच्याही खालीच संपत होती. लहान गाडी दुसऱ्या केंद्रातून निघाली होती, तिला चाळीस मिनिटं लागणार होती. पिवळ्या टोपीचा एक इंजिनीअर भिंतीकडे बघत उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरून मुकादमाला काय ते कळलं.

"तासाभरापूर्वी तड्यात एक बोट जात होतं," इंजिनीअर म्हणाला. "आता दोन जातात. जिन्याचा पहिला वळसा सुटलाय. एकेक माणूस जाईल, भिंतीला चिकटून. दोघांचं वजन एका वेळी पडलं तर मी काही सांगू शकत नाही."

म्हणजे पाठीवर घेऊन उतरवायचं तर तिथेच संपलं. मुकादमानं वर पाहिलं. तळमजला, त्यावर तीन मजले, वर गच्ची. कठडा विटांचा, जाड. असल्या गच्च्यांवरून त्यानं शंभर कपाटं उतरवली होती.

"आम्ही दोरानं उतरवतो," तो दलाच्या अधिकाऱ्याला म्हणाला. "तीस वर्षं हेच करतोय. आजवर एक आरसा फुटला नाही."

"आरशाला श्वास घ्यावा लागत नाही," अधिकारी म्हणाला. त्यानं घड्याळाकडे पाहिलं, तड्याकडे पाहिलं, आणि गाडीतून स्वतःचे चार दोर आणि रुंद पट्टे काढून दिले.

मुकादमाची टोळी त्याच्यासकट पाच जणांची. पैलवान, ज्याला फुंकर मारली तर उडेल. पण दोर एकदा धरला की सुटत नसे. लंब्या, ज्याच्या नावात सगळं आलं. मुकादमाचा जावई, जो धंद्यात नवा होता आणि सासऱ्यासमोर श्वाससुद्धा विचारून घ्यायचा. आणि भोंगा. भोंग्याचं काम नेहमी खाली. गच्चीवरच्यांना कठड्यापलीकडचं दिसत नाही, म्हणून भोंगा खाली उभा राहून ओरडतो: ढील, धर, डावा थांब, लागला. शिवाय नगाला एक पाचवा दोर बांधलेला असतो. तो खालून ओढून धरायचा, म्हणजे नग भिंतीपासून लांब राहतो. नग म्हणजे जे काही उतरवायचं ते. कपाट असो, पेटी असो, सगळं नगच. भोंगा खाली असला की वरच्यांनी डोकं चालवायचं नसतं. किती हात दोर सुटला हे मोजायची सवय त्यांच्यापैकी कुणालाच नव्हती. मोजायला भोंगा होता.

भोंग्याला खाली ठेवून चौघं चपला काढून एकेक करून वर गेले. वळशाची चौथी पायरी मुकादमाच्या पायाखाली हलली. त्यानं भिंतीला गाल लावला आणि पुढची पायरी शोधली. आयुष्यात एवढा हळू तो कधी चालला नव्हता.

ताई केस विंचरून, चष्मा लावून बसली होती. बाईला तिनं केव्हाच खाली पाठवून दिलं होतं.

"आलास," ती म्हणाली.

"निघायचंय, ताई."

"ते कळलं. कसं, ते सांग."

"ते माझ्यावर सोड."

"म्हणून तर विचारतेय."

तिच्याशी वाद घालायला वेळ नव्हता. पलंगाची फळी त्यांनी सुटी करून वर नेली, पाठोपाठ चादरीची झोळी करून ताईला. तिसऱ्या मजल्यावरून गच्चीत जाणारा जिना सरळ आणि शाबूत होता, देवाची कृपा. गच्चीवर फळी टाकून तिच्यावर गादी, गादीवर ताई. कमरेला पट्टा, गुडघ्यांना पट्टा, छातीवरून काखेखाली पट्टा, हात आत. पट्टा आवळताना मुकादम क्षणभर थांबला. मग त्यानं तिची जुनी ओढणी फाडली, चिंध्यांच्या घड्या केल्या आणि काखेत, पट्ट्याच्या आत सरकवल्या.

"संदेष्टा केलास की माझा," ताई म्हणाली.

इथपर्यंत सगळं ठीक झालं. माणूस म्हणून जे करायला हवं ते त्यानं केलं होतं. पुढे मात्र तीस वर्षांचा धंदा त्याच्या हातात शिरला. आरशाचं कपाट सोडायच्या आधी आरशावर चादर बांधतात. मुकादमानं चादर घेतली आणि ताईच्या चेहऱ्यावरून ओढली.

"तोंड झाकू नकोस. मेलेली नाही मी अजून."

"पलस्तर पडतंय, डोळ्यांत जाईल. आणि खाली बघून दचकलीस तर तोल जाईल."

"मला दिसू दे. मी सांगेन तुम्हाला..."

"ताई, नग बोलत नाही."

नवीन माणूस कामाला लागला की मुकादम त्याला पहिलं वाक्य हेच शिकवायचा. उतरवताना घरमालकाचं ऐकायचं नाही, बघ्यांचं ऐकायचं नाही, फक्त भोंग्याचं ऐकायचं. नग काही बोलत नाही. ते वाक्य सवयीनं तोंडातून निसटलं. ताईनं त्याच्याकडे क्षणभर पाहिलं, म्हणाली, "बरं," आणि त्यानं चादर बांधली.

चौघांनी फळी कठड्यावर ठेवली, दोर ताणले, आणि बोटाबोटानं तिला पलीकडे सरकवलं. मग पाय कठड्याला रोवून चौघं मागे रेलून बसले. डोक्याकडचे दोन दोर मुकादमाकडे आणि जावयाकडे, पायाकडचे पैलवान आणि लंब्याकडे. वजन फार नव्हतं. चार वर्षांत ताई किती वाळली होती, ते मुकादमाला दोर हातात आल्यावर कळलं.

"ढील," खालून भोंग्याचा आवाज आला. "ढील. सगळे सारखे. ढील."

दोर कठड्यावर टाकलेल्या पोत्याच्या पट्टीवरून सरकू लागले. कुठेतरी खाली भिंतीत लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला आणि गच्चीच्या फरशीतून तो त्यांच्या बुडाला जाणवला. जावयानं मुकादमाकडे पाहिलं. मुकादमानं मान हलवली नाही. ढील, ढील.

त्या आवाजानं खाली काय झालं, हे वरच्यांना कळायचा मार्ग नव्हता. पोलिसांनी घाईघाईनं गल्ली मोकळी करायला घेतली होती. एका हवालदारानं भोंग्याला छातीवर हात ठेवून मागे रेटलं. भोंगा ओरडून सांगत होता की मी यांचाच माणूस आहे. पण घोळक्यात प्रत्येक जण तेच सांगत होता. पाचवा दोर त्याच्या हातातून सुटला. तेवढ्यात अडकलेली गाडी मागे घ्यायला सुरुवात झाली आणि तिचा सायरन सुरू झाला. गल्लीच्या तोंडाशी उभ्या भोंग्याचं नुसतं तोंड हलताना दिसत होतं.

गच्चीवर ढील येईना, धरही येईना. फक्त सायरन.

"काय म्हणतोय?" लंब्यानं विचारलं.

"काही म्हणत नाहीये म्हणजे ठीक चाललंय," मुकादम म्हणाला. हे खोटं आहे हे त्याला माहीत होतं. मौन ही ढीलची खूण नव्हे, हे त्यानंच सगळ्यांना शिकवलं होतं. पण खालून परत एकदा कडकड झाली, आणि त्याला ती लवकर जमिनीवर हवी होती. भीतीनं माणसाचं शहाणपण किती पटकन जातं, हे त्याला त्या दिवशी समजलं. ते चौघं दोर सोडत राहिले.

आणि मग पायाकडचे दोन्ही दोर एकदम सैल पडले.

"लागली," पैलवान म्हणाला.

खालून मोठा कल्लोळ आला. माणसं ओरडत होती, आनंदानं की कशानं, सायरनमध्ये कळत नव्हतं. नग उतरवताना पायाकडची बाजू नेहमी जरा खाली ठेवतात, म्हणून जमिनीला आधी तीच लागते. ती लागली की डोक्याकडचे दोर सरसर सोडायचे. तीस वर्षं हेच. मुकादमाच्या मनात एवढंच आलं, की लवकर लागली. पण त्याला ते खरं वाटायला हवं होतं, म्हणून खरं वाटलं.

"सोड," तो जावयाला म्हणाला. दोघांनी हातभर दोर सोडला.

"धर! अरे गाढवा, धर!"

तो आवाज भोंग्याचा नव्हता. तो मैदानाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणारा आवाज होता, आणि तो जमिनीवरून येत नव्हता. मध्येच कुठून तरी, हवेतून येत होता. मुकादमाचे हात त्याच्या डोक्याच्या आधी थांबले. लहानपणापासून ते त्या आवाजाला थांबत आले होते.

"डोक्याकडचे दोघं, सोडलं तर मी मेले," ताई म्हणाली. "मी खाली नाहीये. पहिल्या मजल्याच्या छज्ज्यावर पायाकडची बाजू टेकलीये. डोकं खाली झालंय."

मुकादमाच्या अंगाला दरदरून घाम सुटला. अजून दोन हात दोर सोडला असता तर फळी छज्ज्यावरून घसरून ती डोक्यावर गेली असती, फरशीवर, दीड मजला. त्यानं स्वतःच्या हातानं केलं असतं ते.

ताईनं चादर काढली होती. काखेत चिंध्यांच्या घड्या होत्या, पट्टा हाडाला भिडला नव्हता. तेवढ्या मऊ जागेतून तिनं एक हात ओढून काढला होता आणि तोंडावरचं फेकून दिलं होतं. ती उताणी होती. वर बघत होती. चार दोर आकाशापर्यंत गेलेले तिला दिसत होते. कुठला ताठ, कुठला ढिला, कुठला भिंतीला घासतोय. अख्ख्या गल्लीत चारही दोर एकदम दिसणारं माणूस ती एकटीच होती.

"माझ्या शब्दाशिवाय कुणी बोट हलवायचं नाही," ती म्हणाली. "मुकादमानंसुद्धा. कळलं का?"

"हो, ताई," मुकादम म्हणाला. तिला ते ऐकू जाणार नव्हतं, तरी म्हणाला.

"डोक्याकडचे, हातभर वर. दोघं सारखे. जावई, तू मागे पडतोयस. आणखी. बस. आता पायाकडचे. पैलवान, लंब्या, आधी ढिला दोर गोळा करा. ताणला? आता वीतभर उचला. वीत म्हणजे वीत, लंब्या, तुझी नव्हे, माणसाची. हां. थांबा."

वर चौघांना काही दिसत नव्हतं. चौघं कठड्याच्या विटांकडे बघत ऐकत होते. जावयाचे ओठ हलत होते. प्रार्थना करत असावा. पैलवानाच्या तळहातातून रक्त येत होतं आणि ते त्याच्याही लक्षात आलेलं नव्हतं.

"आता मी भिंतीला हात लावून ढकलणार आहे. ढकलल्यावर फळी बाहेर झोका घेईल. तेव्हा, आणि तेव्हाच, सगळ्यांनी दोन हात दोर सोडायचा. उशीर केलात तर मी परत छज्ज्यावर येईन. मी तीन म्हणेन. एक."

इमारत पुन्हा कण्हली. कठड्याची एक वीट मुकादमाच्या पायाखाली हलली. त्यानं पाय काढला नाही.

"दोन."

तेवढ्यात मुकादमाला ताईच्या खोलीत, चहाचा कप हातात धरून हसणारा स्वतः दिसला. त्याला काय विचारायचं, असं तो म्हणाला होता. त्याला आयुष्यात कशाची एवढी लाज वाटली नव्हती.

"तीन."

चौघांनी सोडलं. दोर सणसणले, झटका बसला, चारही दोर एकदम ताठ झाले. भार चौघांवर सारखा होता.

"सुटले," ताई म्हणाली. आवाज पहिल्यांदाच जरा कापला, मग लगेच कवायतीवर आला. "आता ढील. एक, दोन. एक, दोन. पैलवान, घाई नको. एक, दोन."

ती मोजत राहिली आणि ते सोडत राहिले. शेवटी चारही दोर एकामागून एक नीट सैल पडले आणि तिनं स्वतः सांगितलं, "लागले." तरी मुकादमानं दोर हातातून सोडला नाही. ती दुसऱ्यांदा म्हणाली, तेव्हा सोडला.

चौघं आले तसेच एकेक करून उतरले, मुकादम सगळ्यात शेवटी. चौथी पायरी आता जागेवर नव्हती. तो तिच्यावरून लांब पाय टाकून गेला. गल्लीबाहेर आल्यावर तो टेम्पोच्या चाकाला टेकून खाली बसला आणि सगळ्यांसमोर रडला. कुणी त्याला हसलं नाही. भोंगा तर त्याच्या आधीपासून रडत होता.

ताईची फळी टेम्पोच्या मागच्या भागावर आडवी ठेवली होती. दलाचा डॉक्टर तिची नाडी बघून गेला होता. एका कोपराला खरचटलं होतं, बाकी काही नाही. बातमी कळून पाळकसाहेबही धापा टाकत येऊन पोचले होते आणि पुन्हापुन्हा देवाचे आभार मानत होते.

मुकादम तोंड पुसून त्यांच्याजवळ गेला.

"साहेब, कळलं. त्या चौघांना ढील कोण सांगत होतं ते."

पाळकसाहेबांना क्षणभर संदर्भ लागेना. मग लागला. "कोण?"

"खाटेवरचा. वरच्यांना खालचं दिसत नव्हतं, खालच्यांना दोरातलं कळत नव्हतं. तो एकटा उताणा होता. त्यालाच चारही कोपरे दिसत होते."

पाळकसाहेबांनी विचार केला. माणूस प्रामाणिक होता. "पण शास्त्रात तो एक शब्दही बोललेला नाही, मुकादम."

"बोलला असणार," फळीवरून ताई म्हणाली. "मी काय काय बोलले ते या चौघांना विचारा. त्यातलं कुठलं वाक्य तुम्ही चर्चमध्ये उभं राहून वाचाल? लिहिणाऱ्यानं गाळलं, आणि शहाणपणाच केला."

पाळकसाहेब हसले, आणि हसताना त्यांचेही डोळे भरले.

इमारतीतल्या लोकांची सोय पुढच्या रस्त्यावरच्या, ताईच्याच शाळेत करत होते. मुकादमानं मात्र मनात सगळं आधीच ठरवलं होतं. ताई त्याच्या घरी येईल, मधल्या खोलीत राहील, पलंग पूर्वेच्या भिंतीला. जावयाला तो टेम्पो वळवायला सांगणारच होता. तोंड उघडलंही होतं. ते त्यानं मिटलं, फळीजवळ गेला आणि वाकला.

"ताई, कुठे जायचं?"

ताईनं त्याच्याकडे पाहिलं. चार वर्षांत तिला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"शाळेत," ती म्हणाली. "तळमजल्याला, सातवीच्या वर्गात. मैदान दिसतं तिथून. पुढचं मग बघू."

शाळेत का नको, याची दहा कारणं मुकादमाच्या जिभेवर आली. त्यानं ती गिळली. शाळा जवळच होती. तिला चालत नेता येणार होतं. चौघं चार कोपऱ्यांना गेले आणि वाकून फळी धरली. आता 'उचल' म्हणायचं काम मुकादमाचं, तीस वर्षांपासूनचं. तिघं त्याच्या तोंडाकडे बघत थांबले. तो खाली, ताईकडे बघत होता.

ताईनं मान वळवून चारही कोपऱ्यांकडे एकदा पाहून घेतलं.

"उचला," ती म्हणाली.